पट, फासे आणि सोंगं: बोर्ड गेम व रोलप्लेइंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी सहा-सात माणसं जमतात आणि रात्री उशिरापर्यंत फासे वाजत राहतात, हे आता अख्ख्या बिल्डिंगला माहीत झालंय. त्यामुळे लिफ्टमध्ये, बारशाला, लग्नाच्या पंगतीत मला तेच ते प्रश्न विचारले जातात. उत्तरं एकदाची लिहून काढते, म्हणजे पुढच्या पंगतीत निदान जिलेबी गरम असताना खाता येईल.

तुम्ही नक्की खेळता तरी काय? लुडो, सापशिडी?

तेही खेळून झालंय. आमच्या टेबलावर जे असतं त्याचे ढोबळ दोन प्रकार. पहिला बोर्ड गेम: पट, पत्ते, सोंगट्या, ठरलेले नियम आणि शेवटी कुणीतरी जिंकतं. दुसरा रोलप्लेइंग गेम, आमच्या बोलण्यात आरपीजी. इथे पट नसला तरी चालतं. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो, एकजण गोष्ट खेळवतो, आणि पात्राने केलेलं धाडस जमलं की फसलं हे फासा सांगतो. यात कुणी जिंकत नाही. मोबाइलशी दोन्हींचा संबंध एवढाच की तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो.

हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला?

खोकी परदेशी आहेत, खोड आपलीच आहे. लुडो म्हणजे आपल्या पचिसीचा इंग्रजी अवतार, १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन विकायला काढलेला. सापशिडी मुळात मोक्षपट. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि मराठी परंपरा हा पट थेट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. सावंतवाडीचा गंजिफा पाहिला नसेल तर जरूर पाहा. हाताने रंगवलेली गोल पानं, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची १२ पानं, एकूण १२०. एवढी पानं हातात धरून डाव लक्षात ठेवणाऱ्या माणसांच्या नातवंडांना 'नियम फार आहेत हो' म्हणताना ऐकलं की गंमत वाटते.

रोलप्लेइंगचं म्हणाल, तर भातुकली काय होती? आणि मोठ्यांची भातुकली बघायची असेल तर सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेत रात्र काढा. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठला राजा ते ठरतं, आणि बाकीचं बोलणं रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतं. समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलायचं आणि परत टाकायचं. आमच्या टेबलावर हेच चालतं, फक्त आम्हाला मुकुट नसतात.

आमच्याकडे 'व्यापार' आहे की. तो चालत नाही का?

चालतो, पण किती वेळ चालतो ते आठवा. मे महिन्याच्या दुपारी सुरू केलेला व्यापार कधी संपलेला मला आठवत नाही. कुणीतरी रडून उठायचं, नाहीतर आई जेवायला हाक मारायची.

व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला तिची कुळकथा मजेशीर आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. जमीनदार कसे गबर होतात आणि भाडेकरू कसे बुडतात हे लोकांना दिसावं म्हणून. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली, तेव्हा मूळ उपदेश गळून पडला आणि बुडवण्याची मजा तेवढी उरली. म्हणजे त्या खेळात तुम्हाला वैताग येतो तो खेळ बिघडल्यामुळे नव्हे. वैताग यावा हाच मूळ हेतू होता.

हल्लीचे चांगले बोर्ड गेम तीन गोष्टी टाळतात: कुणाला अर्ध्यातून बाहेर काढणं, डाव अनंतकाळ चालणं, आणि फासा पडेल तिकडे मुकाट्याने जाणं. हे वळण मुख्यतः जर्मनीतून आलं. तिथे १९७९ पासून दरवर्षी 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळ, असा पुरस्कार देतात. खोक्यावर लाल सोंगटीचं ते चिन्ह दिसलं की खेळ घरच्या सगळ्यांना झेपेल असं समजायला हरकत नाही.

पहिला खेळ कोणता घ्यावा?

आधी सांगा, खेळणार कोण? हा प्रश्न न विचारता खेळ सुचवणारा माणूस म्हणजे पेशंट न बघता गोळी देणारा डॉक्टर.

नवरा-बायको किंवा तीन-चार मित्र असतील तर 'कार्कासोन'. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा २००० सालचा खेळ, ७२ चौकोनी फरशा. आपली पाळी आली की एक फरशी उचलायची, आधीच्या फरशांना जुळेल अशी लावायची, हवं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस ठेवायचा. रस्ते, गावं, मठ तयार होत जातात. एकच सूचना: शेतकऱ्यांचा नियम पहिल्या डावात सरळ गाळा. तो समजावताना मी दोन जण कायमचे गमावलेत.

घरात रेल्वेचं वेड असेल तर ॲलन मून यांचा 'तिकीट टू राइड' (२००४). रंगीत पत्ते जमवायचे, डबे लावायचे, दोन शहरं जोडायची. त्याचा भारताचा नकाशाही निघालाय, पण डबे आणि पत्ते मूळ खोक्यातलेच लागतात. नुसता नकाशा घेऊन येऊ नका. आमच्याकडे एकाने आणला होता.

आजीला रमी येत असेल तर 'रमीकब'. १०६ ठोकळे, पहिल्यांदा उतरताना ३० गुण लागतात, बाकी आजीला सांगावं लागणार नाही. दुसऱ्या डावाला तीच तुम्हाला सांगेल.

आणि माणसं सहा-आठ असतील तर व्लादा ख्वातिल यांचा 'कोडनेम्स'. टेबलावर २५ शब्द मांडायचे, दोन तट पाडायचे, आणि दोन्हीकडच्या म्होरक्यांनी एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलून आपले शब्द ओळखवून घ्यायचे. खोक्यातले शब्द इंग्रजी. आम्ही एका पावसाळी रविवारी जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून मराठी संच केला, आणि मूळ खेळापेक्षा तोच रंगतो. मराठीत दुहेरी अर्थाच्या शब्दांची काय कमी? पाट, वर, कर, माळ, पान, रस, तीर, मान, काळ, अंक. एकदा आमच्या म्होरकीने खूण दिली, 'विहीण, तीन'. तिच्या डोक्यात मान, वर आणि माळ. तिच्या नवऱ्याने क्षणाचाही विचार न करता 'ताप'वर बोट ठेवलं. 'ताप' हा मारेकऱ्याचा शब्द होता, त्याला हात लागला की डाव तिथेच खलास. घरी गेल्यावर काय झालं ते मी विचारलं नाही.

कॅटनमध्ये माझाच आकडा का पडत नाही?

कारण तुम्ही बाराच्या डोंगरावर घर बांधलंत.

कॅटन हा क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा खेळ, या सगळ्या लाटेचा आद्य. १९ षटकोनी तुकड्यांचं बेट, बहुतेकांवर एकेक आकडा. दोन फासे टाकले की ज्या आकड्याची बेरीज येईल त्या तुकड्याच्या कडेला घर असणाऱ्यांना लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज मिळतं. आता दोन फाशांच्या एकूण ३६ शक्यता. सात हा आकडा सहा तऱ्हांनी पडतो. सहा आणि आठ प्रत्येकी पाच तऱ्हांनी. दोन आणि बारा एकेकाच तऱ्हेने. आकड्याखाली छापलेले ठिपके हेच सांगतात, पण नवशिका ते नक्षी समजतो. घर बांधण्याआधी तिन्ही बाजूंचे ठिपके मोजा. दहाच्या वर बेरीज जात असेल तर डोळे मिटून बसा तिथे.

सात पडले की चोर फिरतो, आणि हातात सातपेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात. म्हणून साठवून ठेवणाऱ्या मराठी मनाला हा खेळ फार लागतो. आणि हो, देवाणघेवाण करताना बोला. गप्प बसून कॅटन जिंकणारा मी अजून पाहिलेला नाही.

आरपीजीमध्ये प्रत्यक्षात होतं काय? कुणी नीट सांगतच नाही.

सांगून कळत नाही, म्हणून एक तुकडा दाखवते. तिघे भिडू: एक वैद्यीण, एक भामटा, एक शाहीर. वैद्यीण खेळतोय तो बँकेत अधिकारी आहे. खेळवणारी मी.

मी म्हणते, "तिन्हीसांजा होऊन गेल्यात. गडाचा दरवाजा बंद. वरून पहारेकरी ओरडतो, 'कोन हाय रं तिकडं?'"

वैद्यीण म्हणते, "मी सांगते, आम्ही गवळी, दूध घालायला आलोय."

"या वेळेला? टाक फासा."

वीस बाजूंचा फासा गडगडत शेंगदाण्यांच्या वाटीला आपटतो. नऊ. वैद्यिणीची 'छाप', म्हणजे समोरच्यावर पडणारा प्रभाव, तीन. ते मिळवले की झाले बारा. मी मनात पंधरा धरलेत, म्हणजे थाप फसली.

"पहारेकरी म्हणतो, 'बरं झालं. वाईच दूध दाव की.'"

तिघांचेही चेहरे पडतात, कारण हंडीत दूध नाही. हंडीत भामट्याने चोरलेला दोर आहे.

शाहीर म्हणतो, "मग हिरकणीसारखं कड्यावरून जाऊ."

"अरे, हिरकणी उतरली होती. आपल्याला चढायचंय."

पुढचा अर्धा तास कडा, दोर आणि पहाऱ्याची वेळ यावर खल झाला. हे काही मी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी दूध मागितलं म्हणून कडा आला. दोर होता म्हणून मी दोन फासे टाकून मोठा आकडा धरायला सांगितलं. एका फाशावर अकरा किंवा जास्त पडण्याची शक्यता निम्मी असते, अशी सवलत मिळाली की ती पाऊण होते. एवढं गणित कळलं तर निम्मा खेळ आला.

ते डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात ते हेच?

त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रसिद्ध. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून काढला. युद्धाच्या पटावर सैन्य हलवण्याचे खेळ ते खेळायचे. त्यात अख्ख्या पलटणीऐवजी एकच माणूस हलवला तर, एवढ्या कल्पनेतून हे निघालं. १९९७ पासून तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे, आणि सध्या चालते ती पाचवी आवृत्ती २०१४ ची, २०२४ मध्ये सुधारलेली.

पण सुरुवात त्यानेच करा असं माझं म्हणणं नाही. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्स' एका पानाचा आहे आणि फुकट आहे. दोन ते पाचमधला एक आकडा निवडायचा. यंत्रांचं, थंड डोक्याचं काम असेल तर साध्या फाशावर त्याहून कमी पडायला हवं, मनाचं आणि बोलाचालीचं काम असेल तर जास्त. संपले नियम. लुडोच्या डब्यातला फासा पुरतो. दोन तासांत कळतं की हे आपल्याला आवडतंय की नाही, आणि मगच तीनशे पानी पुस्तकांकडे वळावं.

इंग्रजी यथातथाच आहे. मराठीत खेळता येतं का?

येतं म्हणजे काय, आरपीजी तर मराठीतच खुलतो. आम्ही पहिली दोन वर्षं इंग्रजीत खेळलो आणि सगळे कॉल सेंटरमध्ये बसल्यासारखे बोलायचो. एके दिवशी खानावळवाल्याच्या तोंडी सहज मराठी आली, आणि परत मागे गेलोच नाही.

कारण भाषेतच अर्धं पात्र असतं. सरदार तुम्हाला 'ये' म्हणतो, 'या' म्हणतो की 'यावं' म्हणतो, यावरून तुमची त्याच्या लेखी किंमत कळते, मला वेगळं सांगावं लागत नाही. शाहिराने एकदा ठाणेदाराला चुकून 'अरे' म्हटलं आणि तुरुंगात गेला. माझा दोष नाही.

दुसरं, क्रियापद. बँकेतला आमचा भिडू पहिल्या दिवशी म्हणाला, "मी दरवाज्याकडे जातो." सगळे त्याच्याकडे बघत बसले. तो थांबला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "मी जाते." त्या एका 'ते'ने तो वैद्यीण झाला. इंग्रजीत ही पायरी नाहीच, तिथे महिनोन्महिने कुंपणावर बसता येतं.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. जंगलात वाट दाखवणारा कातकरी पाच सत्रं 'आपण इथून वळू' म्हणत होता. सहाव्या सत्रात मी त्याच्या तोंडी घातलं, 'आम्ही पुढं होतो.' भामटा खेळणाऱ्या मुलीने ताडकन हात वर केला. "हा आम्ही का म्हणाला? याच्याबरोबर अजून कोण आहे?" बरोबर ओळखलं तिने. मला मात्र तीन आठवडे रचलेला दगाफटका गुंडाळावा लागला.

भाषांतर करायलाही आडकाठी नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं की झालं. आम्ही पात्राचा कागद मराठीत केलाय: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण आणि छाप. शेवटच्यावर वाद झाला, एकाला करिष्मा हवा होता, पण फासा टाकताना 'छाप टाक' म्हणायला बरं वाटतं. इंग्रजी 'बार्ड'चा (bard) शाहीर झाला, 'रोग'चा (rogue) भामटा. हिट पॉइंट्सना आम्ही 'जीव' म्हणतो. 'तुझा किती जीव उरलाय?' हे विचारताना जी कळकळ येते ती इंग्रजीत येत नाही.

मला अभिनय येत नाही. लाज वाटते.

आवाज बदलायची गरज नाही. 'माझा भामटा कुलूप उघडायला बघतो' एवढं म्हटलं तरी खेळलात. आमच्याकडे एक काका आहेत, ते दोन वर्षं 'तो म्हणतो की' असंच खेळतायत, आणि सगळ्यांत भारी योजना त्यांच्याच असतात.

खेळवायचं कुणी? खूप तयारी लागते का?

खेळवणाऱ्याला टेबलावर आम्ही डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतो, आमच्या काकांना 'सूत्रधार' आवडतं. ज्याने ही कल्पना आणली त्यानेच पहिल्यांदा खेळवावं, असा रिवाज आहे, आणि त्यातून सुटका नाही.

तयारीचं म्हणाल तर मी सुरुवातीला चाळीस पानं लिहायचे. भिडू पहिल्याच फाट्याला दुसरीकडे वळायचे आणि चाळीस पानं रद्दीत. आता एका कागदावर तीनच गोष्टी लिहिते: कोणाला काय हवंय, तो काय लपवतोय, आणि भिडूंनी काहीच केलं नाही तर उद्या सकाळी काय होईल. शिवाय दहा नावं. नावं नक्की लिहा. ऐनवेळी सुचत नाहीत आणि मग प्रत्येक गावात एक पांडू निघतो.

खेळात एखादा प्रसंग कुणाला लागला तर?

लागतो. घरातलं आजारपण, कुणाचं जाणं, लहान मुलांवरचा अत्याचार, गोष्टीत अचानक येतं आणि समोरच्याचं तोंड उतरतं. म्हणून पहिल्या बैठकीत खेळायच्या आधी विचारून घ्या की काय मुळीच नको. शिवाय जॉन स्टाव्रोपोलोस यांनी रूढ केलेलं एक्स-कार्ड ठेवतो: फुली मारलेला कागद टेबलाच्या मध्यभागी. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे आजवर दोनदा हात लागलाय. दोन्ही वेळा मी पाच सेकंदांत गोष्ट वळवली आणि चहा टाकला.

आमच्यात एकजण सगळ्यांना 'तू हे कर, तू ते कर' सांगत बसतो.

प्रत्येक घरात एक असतो. सहकाराच्या खेळांत, म्हणजे सगळे मिळून पटाविरुद्ध खेळतात तिथे, त्याचं फारच फावतं. मॅट लीकॉक यांच्या 'पँडेमिक'मध्ये रोगाच्या साथी आटोक्यात आणायच्या असतात आणि सगळे पत्ते उघडे ठेवून खेळलं की एकच माणूस चौघांचं डोकं चालवतो. यावर उपाय 'हानाबी'. आंत्वान बोझा यांच्या या खेळात आपले पत्ते आपल्याला दिसतच नाहीत, तोंड समोरच्यांकडे करून धरायचे असतात. खूण मिळेल तेवढ्यावर खेळायचं, जास्तीचं बोललात तर खेळच मोडतो. आमच्या मोठ्या दिरांना मी गप्प बसलेलं फक्त याच खेळात पाहिलंय.

मुलं हरली की पट उधळतात.

रडीचा डाव काही नवा नाही. सहाच्या आतल्यांना 'कच्चा लिंबू' करून घ्या, फासे तेच टाकतील, गुण धरायचे नाहीत. जरा मोठी झाली की सहकाराचे खेळ द्या, म्हणजे हरलं तर सगळं घर हरतं. मुद्दाम हरू मात्र नका. मुलांना ते कळतं. आणि तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर लाकडी तुकडे वरच्या फळीवर.

हा जुगार तर नाही ना? सासूबाई विचारतायत.

नाही. पैसे लावलेले नाहीत. हरणारा भांडी घासतो, एवढंच पणाला असतं.

खर्च किती येतो?

मोठी खोकी काही हजारांना पडतात, कारण बहुतेक बाहेरून येतात. पण खोकं विकत मिळतं, भिडू मिळत नाहीत, म्हणून आधी भिडू जमवा आणि मग पाकीट काढा. पुण्या-मुंबईत बोर्ड गेम कॅफे आहेत, तिथे तासाच्या हिशेबाने बसून खेळून बघा. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसणारी प्रत बहुधा नकली असते, पत्ते पापडासारखे आणि रंग एकमेकांत मिसळलेले. आरपीजीला तर कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात. माझ्याकडची अर्धी कपाटभर खोकी वर्षानुवर्षं उघडली गेली नाहीत. पत्त्यांचा जुना कॅट मात्र दर आठवड्याला निघतो, कारण भिडू यायला उशीर झाला की आधी गड्डा झब्बू होतो.

पावसाळ्यात पत्ते फुगतात.

कोकणात आणि मुंबईत फुगणारच. नेहमीच्या पत्त्यांचं माप ६३.५ बाय ८८ मिलिमीटर, त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात, त्यात घाला. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, खेळाच्या खोक्यात टाका. खोकी भिंतीला चिकटवून ठेवू नका. खाण्याचं म्हणाल तर चकली, भजी आणि पोहे टेबलावर बंद, खारे शेंगदाणे आणि खाकरा चालेल. एका पाहुण्याने गुळगुळीत फिरावं म्हणून पटावर कॅरमची पावडर टाकली होती. ते आता पाहुणे म्हणून येत नाहीत.

भाऊ अमेरिकेत, मी इथे. काही उपाय?

बोर्ड गेम अरीना या वेबसाइटवर शेकडो खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतात, त्यात पाळीपाळीने सवडीने खेळायची सोय आहे. तो त्याच्या सकाळी एक चाल करतो, मी माझ्या सकाळी. कार्कासोनचा एक डाव आम्ही अडीच आठवडे चालवला, आणि तेवढे दिवस रोज बोलणं झालं, हे आईला खेळापेक्षा जास्त पटलं. आरपीजीसाठी रोल-ट्वेंटी ही वेबसाइट आहे, नाहीतर साधा व्हिडिओ कॉलही पुरतो. फासे ज्याने त्याने आपल्या घरी टाकावेत. खोटं बोलणारा दोन आठवड्यांत कळतो, कारण त्याला एक कधीच पडत नाही.

माणसंच जमत नाहीत. प्रत्येक वेळी कुणाला तरी काम निघतं.

हा खरा प्रश्न, आणि नियमांपेक्षा कठीण. 'कधी जमेल सगळ्यांना?' असं ग्रुपवर विचारू नका, त्याचं उत्तर 'कधीच नाही' असतं. वार आणि वेळ ठरवून टाका, येतील तेवढ्यांवर खेळा. आमचा नियम: तिघे आले की सत्र होणार, न आलेल्याचं पात्र तापाने आजारी. दोघंच आले तर कार्कासोन. एकटीच उरले तर चहा आणि कपाट आवरणं, पण शनिवार हलत नाही. पहिल्या वर्षी सहाजणांतले सरासरी चार यायचे. एकाने बदली मागून घेताना साहेबांना शनिवारची अडचण सांगितली, तेव्हा कळलं की घडी बसली.

सत्र तीन तासांत संपवा. शेवटची लोकल असणाऱ्याला आधी उठू द्या. आणि नव्या माणसाला नियम सांगताना वीस मिनिटं भाषण देऊ नका. एक पाळी खेळून दाखवा, बाकीचं 'आलं की सांगते'.

खोक्यातली एक सोंगटी हरवली. आता?

काहीच बिघडत नाही. बहुतेक प्रकाशक विचारलं तर सुटा तुकडा पाठवतात, पण तोवर घरात काय आहे ते बघा. जुन्या पटांवर कवड्या आणि चिंचोके चालायचेच. आमच्या कार्कासोनमधला एक निळा लाकडी माणूस हरवला, त्याच्या जागी आजीने डब्यातला चिंचोका दिला. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत निळा माणूस सोफ्याच्या फटीत सापडला. तोपर्यंत चिंचोक्याने सलग चार डाव जिंकले होते, आणि आता निळा रंग कुणाला मिळणार यावरून दर वेळी भांडण होतं.